कपभर मैदा म्हणजे किती?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी चहा संपायच्या आत हिने वही पुढ्यात आणून ठेवली. हिच्या केक-बिस्किटांच्या कृती, सगळ्या ग्रॅममध्ये. यातल्या सहा कृती कपात आणि चमच्यात करून द्या, म्हणे. ग्रंथालयात भेटणाऱ्या कुणा बाईंना हव्यात. त्यांच्याकडे काटा नाही.

एकतीस वर्षं मी वजनमापे निरीक्षक होतो. दुकानोदुकानी काटे तपासले, खोटी वजनं जप्त केली. आणि निवृत्तीनंतर हे – चांगलं ग्रॅममधलं माप मोडून कपात ओता!

म्हणालो, काटा विकत घ्यायला सांग त्यांना. नाहीतर आपला जुना देऊन टाक. ही म्हणाली, त्या कुणाकडून काही घेत नाहीत. ‘तुम्ही देताय की मी करू माझ्या अंदाजाने?’

हिच्या अंदाजाने! देतो म्हणालो.

बुधवार, ५

घरात दोन कप. दोन्हींवर ‘एक कप’ छापलंय. पाणी भरून तोलले. एक २३७, दुसरा २५०. नोकरीत असतो तर दोन्ही उचलून नेले असते. बाईंकडे कुठला आहे कोण जाणे. ही म्हणाली लहानवाला. हिला कसं ठाऊक, विचारायचं राहिलं.

मग मैदा. मी भरला – १२१ ग्रॅम. पुन्हा मीच भरला – १३४. हिने डब्यात कप खुपसून काढला – १५२! चाळून भरला – ११२. तोच मैदा, तोच कप, तोच ओटा. सरासरी काढायची तरी कशाची?

ही म्हणते, ‘केकच आहे हो, औषध नाही.’

शुक्रवार, ७

लोणी. कपात भरलं की खाली पोकळ्या राहतात. बोटाने दाबा, बोट माखतं. बोटाला लागलेलं तोललं तर चार ग्रॅम. ते धरायचं की सोडायचं? डोक्याचं भुस्काट.

शेवटी मैद्याची रीत ठरवली: चमच्याने कपात हलक्या हाताने सोडायचा, दाबायचा नाही, आपटायचा नाही, सुरीच्या पाठीने वरचा ढीग सारायचा. असं केलं की १२० च्या आसपास येतो. दहा वेळा करून पाहिलं. लिंबाच्या केकचा कागद तयार. ही घेऊन गेली.

शनिवार, ८

नाकातोंडात मैदा. शिंकून बेजार.

सोमवार, १०

बाईंचा निरोप आला, हिच्या तोंडून. दीड कपातला अर्धा कप मोठ्याच कपात नजरेने घ्यायचा, की अर्ध्याचं वेगळं माप घ्यायचं?

काय प्रश्न आहे! माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या एकालाही असं कधी सुचलं नाही. अर्ध्याचं वेगळं माप घ्यावं, नजर दगा देते – दीड पान उत्तर लिहिलं. ही म्हणाली, एक ओळ पुरली असती.

बुधवार, १२

प्रश्नवाल्या बाईंचे आणखी तीन प्रश्न. अंडी लहान असली तर? ब्राउन शुगर दाबून भरायची का? आणि १७५ ग्रॅम साखर कपात बसवायची कशी?

या शेवटच्याने अर्धी सकाळ खाल्ली. एक कप भरा, त्यातून दोन मोठे चमचे काढून टाका. सोपं आहे, पण तिथवर यायला चार कागद फाडले. वैताग नुसता. तरी खरं सांगायचं तर आंघोळ करतानाही तेच डोक्यात होतं, आणि ते वाईट वाटत नव्हतं.

शनिवार, १५

बाईंचा चॉकलेट केक मधोमध बसला.

माझ्या मापाने केक बसेल कसा? दोन तास कागद तपासला. मैदा बरोबर, कोको बरोबर, लोणी बरोबर. त्यांनीच ओव्हनचं दार मधे उघडलं असणार, असं हिला सुनावलंसुद्धा. मग दिसलं. बेकिंग पावडर ‘एक लहान चमचा’ हवी, मी ‘मोठा’ लिहून बसलोय. तिप्पट! चूक सरळ सरळ माझी.

नवा कागद केला. वर लिहिलं – ‘चूक माझी होती. आपलं सामान वाया गेलं, त्याबद्दल माफ करा.’

हिने ते दोनदा वाचलं. म्हणाली, ‘लिहिता येतं तर तुम्हाला हे.’

मला काही कळलं नाही.

सोमवार, १७

दुपारी ही बाहेरून आली, खुशीत होती. मी विचारलं, जमला का केक? पिशवी रिकामी करता करता म्हणाली, ‘छान फुगला. भिंगरीने तीन तुकडे खाल्ले.’

आणि जीभ चावली.

भिंगरी माझी नात. जगात भिंगरी एकच.

म्हणजे ग्रंथालयातली बाई म्हणजे सून. चिरंजीवांना सोडून गेलेली. दीड वर्षापूर्वी ती दोन पिशव्या आणि पोरीला घेऊन दारात उभी होती, तेव्हा या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं मीच बजावलं होतं.

दोन आठवडे मला खुळ्यात काढलं!

मंगळवार, १८

हिच्याशी बोललो नाही. उरलेल्या दोन कृती केल्या नाहीत. करणारही नाही.

गुरुवार, २०

अखेर भांडण झालंच. मी म्हणालो, माझ्या पाठीमागे किती दिवस चाललंय हे? ही म्हणाली, वर्ष झालं. ती एका खोलीत राहते, तिसऱ्या मजल्यावर, शिवणाच्या कारखान्यात कामाला जाते. येत्या रविवारी भिंगरीला सात वर्षं पूर्ण होतात, केक घरी करायचं पोरीला कबूल केलंय.

मी म्हणालो, ती चिरंजीवांना सोडून गेली. हिने हातातलं फडकं खाली ठेवलं.

‘त्याने फोनवर सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. तिला विचारलंत का काही? एकदा तरी?’

नाही विचारलं. दारात ती काहीतरी सांगू बघत होती, एवढं आठवतं. मी बोलतच होतो.



शुक्रवार, २१

उरलेल्या दोनांपैकी वाढदिवसाच्या केकची कृती तेवढी केली. चमचे तीनतीनदा तपासले. कागद टेबलावर ठेवला, हिने उचलला.

शनिवार, २२

ही आंघोळीला गेली होती. हिचा फोन वाजला, मीच घेतला.

‘बाबा, मी बोलतेय.’ सूनच. म्हणाली, ‘अक्षर तुमचं आहे हे पहिल्याच कागदावर कळलं होतं मला. दुसऱ्या कागदानंतर मापंही जमायला लागली होती. तरी विचारत राहिले. तुम्ही उत्तर देत होतात ना, म्हणून.’

मग तिने विचारलं, ‘उद्या याल?’

मी म्हणालो, ‘किती वाजता?’