रॉयसचं हेल्मेट

केंटकी, १२ जानेवारी

मिसेस टॅकेट,

हेही पत्र मी टपालात टाकणार नाही, मला ठाऊक आहे.

कॉलेजच्या फुटबॉल संघाने मला निरोपाचं जेवण दिलं, तेव्हा तुम्ही रॉयसला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आलात. त्याला घास भरवता भरवता म्हणालात, "माझं पोरच हट्टी होतं, कोच. तुमचा काय दोष?" मी खाली मान घालून केक खात राहिलो.

तुमच्या गावच्या शाळेत मी कोच होतो. आपल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये हेल्मेटशिवाय खेळता येत नाही, म्हणून डोक्याला मार बसलेल्या पोराचं हेल्मेट आम्ही लपवायचो, नाहीतर कार्टी नजर चुकवून परत मैदानात घुसायची. त्या सामन्यात रॉयसच्या डोक्याला मार बसला, तेव्हा मलमपट्टी करणाऱ्या नेटीने त्याचं हेल्मेट बर्फाच्या पेटीमागे ठेवलं होतं. ते त्याने पळवलं आणि परत खेळायला जाऊन दुसरा मार ओढवून घेतला, असं गाव अठरा वर्षं म्हणतंय. नेटीने त्यापायी नोकरी सोडली.

त्याने पळवलं नव्हतं. चार मिनिटं उरली होती, आम्ही मागे होतो, आणि मला पारखायला आलेली कॉलेजची माणसं समोरच बसली होती. नेटीची पाठ वळताच हेल्मेट मीच त्याच्या डोक्यावर चढवलं. कॉलेजची नोकरी मला मिळाली.

पट्टा आवळताना त्याने विचारलं होतं, "कोच, आपण कुठल्या बाजूला पळायचं?"

तिथेच कळायला हवं होतं. मी बोटाने बाजू दाखवली.

परवाच्या त्या निरोपाच्या जेवणात त्याने माझी बाही धरून पुन्हा तेच विचारलं. तुम्हाला वाटलं, त्याला घरी जायचंय.

'आपला' असं लिहवत नाही.

व्हर्जिल स्टॅम्पर