म्हातारीच्या पोटातलं पाणी

२ डिसेंबर

पुन्हा गळली! सकाळी नेमका कपाळावर थेंब. उशी ओली, पांघरूण ओलं, आणि बर्थच्या मागच्या फळीवर काळी बुरशी मिसरूड फुटावं तशी. यार्डात सगळ्या बोटी टेकूवर चढून, ताडपत्र्या ओढून झोपल्यात. माणूस राहतं ते फक्त माझ्या म्हातारीत. म्हातारी म्हणजे ही शिडाची बोट. तिच्यात राहणारीही काही तरुण नाही, पण तो विषय वेगळा!

काल मुलगा शिडी चढून आला. नाकाला रुमाल. "आई, हे घर आहे का?" आहे! घरमालकाने भाड्याची जागा परत घेतली तेव्हापासून हेच घर आहे. त्याच्याकडे मागची खोली मिळेल म्हणे. मी इरेला पेटले. शेवटी ठरलं — मार्चमध्ये क्रेन बोटी पाण्यात सोडते, त्या दिवशी आत ओल दिसली तर मी मुकाट्याने मागच्या खोलीत. नाही दिसली तर त्याने हा विषय पुन्हा काढायचा नाही. रागात मी कशालाही हो म्हणते.

६ डिसेंबर

खिडक्यांची जुनी रबरं उपटली. हातात नुसता चुरा. नवी बसवली. डेकवरचा एकेक स्क्रू काढून खाली सीलंट भरलं, परत पिळला. गुडघे बोंबलतायत. बोंबलू देत.

शेजारचा दाढीवाला खाली उभा राहून सल्ले देतो. दर हिवाळ्यात स्वतःची बोट दुरुस्त करतो, पाण्यात काही नेत नाही. "बाई, विकून टाका ही." म्हटलं, आधी तुमची दाढी विका!

११ डिसेंबर

दिवसभर पाऊस. खिडक्यांतून टिपूस नाही. जिंकले!

१२ डिसेंबर

कसली जिंकले. कपाळावर थेंब.

२० डिसेंबर

आता कुठलीच फट ठेवणार नाही. डेकवर हवा यायला दोन पितळी टोप्या आहेत, त्यांत चिंध्या कोंबल्या. वरच्या झाकणाच्या कडेने फोमची पट्टी चिकटवली. मुंगीने आत येऊन दाखवावं! मग हीटर लावला, चहा ठेवला, धुतलेले टॉवेल दोरीवर टाकले. काय ऊब आली!

ह्यांना बोट लागायची. कधी पाय ठेवला नाही. धक्क्यावर उभे राहून हात हलवत राहायचे, मी दिसेनाशी होईपर्यंत. माझ्या हट्टाला हट्ट न म्हणणारा तेवढाच एक माणूस. आज फार आठवण आली.

४ जानेवारी

मुलाचा फोन. "खोली रिकामी करतोय. हिची शिलाई मशीन माळ्यावर टाकली की तुझा पलंग बसेल. आम्ही ठरवलंय." मागून सूनबाईचा आवाज — "मी कुठे ठरवलं?" आणि फोन बंद.

तिने नोकरी सोडायची हेही 'आम्ही'च ठरवलं होतं. तेव्हापासून बिचारी त्या खोलीत बसून लोकांचे कपडे शिवते. हा 'आम्ही' कोण माणूस आहे, एकदा भेटायचंय मला त्याला.

नाहीच जाणार मी त्या खोलीत! आता तर मुळीच नाही.

१५ जानेवारी

आठवडाभर बाहेर खडखडीत कोरडं. तरी आत थेंब! बुरशी कपाटात, बुटांत, ह्यांच्या जुन्या स्वेटरवरसुद्धा. व्हिनेगरने पुसून पुसून मीच आंबले.

दाढीवाला म्हणाला, "पाणी लाकडात मुरलंय. आता काही खरं नाही." त्याच्यासमोर ताठ उभी राहिले. खाली येऊन रडले. मग डोळे पुसले — आधीच ओल काय कमी आहे!

२ फेब्रुवारी

सूनबाई आली. एकटीच, त्याला न सांगता. झाकण सरकवून खाली उतरली आणि जागच्या जागी थबकली. चष्म्यावर वाफ! "आई, हे काय, न्हाणीघर केलंत का?"

"गळतंय गं कुठूनतरी. सापडत नाही."

चष्मा पुसून तिने बघितलं. उकळतं आधण, दोरीवरचे टॉवेल, टोप्यांतल्या चिंध्या. "ह्यातली खिडकी कुठली उघडता तुम्ही?"

"एकही नाही!" मी अभिमानाने सांगितलं. आणि सांगता सांगताच जीभ चावली.

हॉस्पिटलच्या धुलाई विभागात जन्म गेला माझा. वाळवणाची खोली माझ्या ताब्यात. नव्या बायकांवर पहिल्याच दिवशी ओरडायचे — आधी हवेला वाट, मग हीटर! नाहीतर पाणी जाईल कुठे? आणि इथे मीच! गळती डिसेंबरातच थांबली होती. त्यानंतरचा सगळा थेंब न् थेंब माझ्या श्वासाचा, माझ्या चहाचा, माझ्या टॉवेलांचा. जितकं बंद करत गेले तितकं ओलं होत गेलं. मेले तरी दाढीवाल्याला हे सांगणार नाही.

सूनबाई पोट धरून हसली. लग्नानंतर पहिल्यांदा असं हसताना पाहिलं तिला. चिंध्या तिनेच ओढून काढल्या. मशीनचं विचारलं, तर म्हणाली, "माळ्यावर." निघताना म्हणाली, "अजून थोडी बसू का?" बसली.

९ फेब्रुवारी

झाकण दिवसभर उघडं. दात वाजतायत. दोन स्वेटर, कानाला मफलर, टॉवेल बाहेर. चहाही वर डेकवर करते. दाढीवाला विचारतो, "वेड लागलं का?" हो!

२४ फेब्रुवारी

बुरशी खरवडली, वर रंग दिला. कपाळ कोरडं.

१४ मार्च

क्रेन आली. मुलगा टिशूपेपरचा गठ्ठा घेऊन हजर. फळ्या पुसल्या, कोपरे पुसले, बर्थखाली डोकं घालून पुसलं. मी हाताची घडी घालून उभी. पोटातलं पाणी हलू दिलं नाही — माझ्याही आणि म्हातारीच्याही. सगळे कागद कोरडे!

"ठीक आहे," म्हणाला. तोंड एवढंसं. मग लगेच, "खोली वाया कशाला घालवायची? माझं ऑफिस करतो तिथे. आम्ही बघतो काय ते." सूनबाई वर डेकवर होती. तिला ऐकू गेलं.

म्हातारी पाण्यात उतरली, थोडी डुलली, मग सरळ झाली. मी एक चक्कर मारून आले. धक्क्यावरून सूनबाई हात हलवत राहिली, मी दिसेनाशी होईपर्यंत. जिंकले खरी. पण जिंकल्यासारखं वाटेना.

१६ मार्च

दुपारी धक्क्यावर सूनबाई. बॅग नाही, कपडे नाहीत. दोन्ही हातांनी छातीशी धरलेली शिलाई मशीन.

"आई, म्हातारीत एक कोपरा मिळेल?"

आधी मशीन आत घेतली, मग तिला. ती घाईघाईने झाकण ओढायला लागली. म्हटलं, राहू दे उघडं.

मुलाचा फोन वाजतोय. वाजू दे.