रिठदचे हललेले फोटो

रिसोड, सोमवार

प्रिय दादा,

काय झालं ते आधी क्रमानं लिहिते.

१. विमलमावशी वारल्या. शेवटचा फोटो काढायला त्यांच्या मुलानं, संघदीपनं बाबांना रिठदला बोलावलं.
२. बाबांनी फोटो काढले. सगळे हलले. एकही वापरण्यासारखा नाही.
३. बाबा म्हणाले, कॅमेरा गेला. त्यांनी तो तपासायला माझ्याकडे दिला.
४. तू फोनवर म्हणालास, जुन्याच्या मागे लागू नका, मी नवा घेऊन पाठवतो.
५. मी कॅमेरा तपासला.

पाचव्याच्या पुढचं असं आकडे घालून लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र. फोनवर मी मुद्द्याचं बोलून ठेवून देते, असं तूच मला ऐकवतोस. शिवाय आपल्या घरात फोनवर बोललेलं सगळ्या घराला ऐकू जातं.

रिठदला मीही गेले होते. मावशींना तू विसरला नसशील. लग्नाकार्यात बाबांनी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला की त्या पदर तोंडावर ओढायच्या आणि म्हणायच्या, “माह्यं थोबाड कायले काढतं रे जानराव, दुसरं लगन लावून देतं काय माह्यं?” सगळा मांडव हसायचा आणि फोटो राहून जायचा. असं करत त्यांचा एकही धड फोटो घरात नव्हता. आधार कार्डावरचा आहे, पण तो कुणाचाही असू शकतो. पुण्यानुमोदनाला तथागत आणि बाबासाहेबांच्या शेजारी ठेवायला फोटो तर पाहिजे. म्हणून संघदीपनं सांगितलं, काका, तुम्ही या, आणि मग डोळे उघडून द्या.

हे काम तू केलेलं आहेस, त्यामुळे समजावत नाही. मिटलेल्या डोळ्यांच्या जागी कॉम्प्युटरवर मुलाचे नाहीतर लेकीचे डोळे बसवायचे, सुरकुत्या जुळवायच्या, नजर थोडी खाली ठेवायची. पंचक्रोशीत ते आपल्या फोटोच्या दुकानासारखं कुणी करत नाही. पण त्याला मूळ फोटो स्वच्छ लागतो. हललेल्या चेहऱ्यावर डोळे बसत नाहीत.

मावशींना पुढच्या खोलीत ठेवलं होतं. उशाशी मेणबत्ती, अगरबत्ती. खोली अंधारीच होती. बाबा स्टुलावर चढले. फ्लॅश लावला नाही. मयताच्या तोंडावर फ्लॅश मारायचा नाही, हा त्यांचा नियम तुला माहीत आहे. त्यासाठी शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचं आणि तेवढा वेळ हातानं धरायचं. “श्वास रोखला का माहा हात भिंतीवानी उभा राह्यते,” असं ते आपल्याला सांगायचे, आणि ते खरंही होतं. त्या दिवशी त्यांनी एक फोटो काढला, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिला. दुसरा काढला, पाहिला. मग बराच वेळ काढत राहिले. दाराशी उभे असलेले सेवादासकाका शेवटी म्हणाले, “जानराव, लोकं खोळंबले ना.” बाबा खाली उतरले आणि म्हणाले, झालं. घरी आल्यावर म्हणाले, “म्हतारा झाला थो कॅमेरा. किती वढाव त्याले.”

पुण्यानुमोदनाला आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून ठेवला होता. मोठा केल्यावर तो आणखीच फुटला होता. माणसं येत होती, फूल वाहत होती आणि क्षणभर थांबून पाहत होती की हा चेहरा विमलबाईंचा कसा. बाबा आत आलेच नाहीत. चपला काढल्या होत्या तिथेच उभे राहिले. संघदीप बाहेर येऊन त्यांना म्हणाला, “राहू द्या काका, मशीनच ते. तुमी आले हेच लय झालं.” बाबांनी मान हलवली. मशीनच ते, हे संघदीप खरं मानून बोलला. मी तेव्हा तेच मानत होते.

आता कॅमेऱ्याचं. तू दहावीत होतास तेव्हा आलेला हा कॅमेरा आहे. पकडीचं रबर सुटलं होतं, ते बाबांनी सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवलं आहे. बॅटरीचं झाकण रबरबँडनं धरलं आहे. सेन्सरवर धूळ आहे. दुरुस्त करण्यासारखं एवढंच. शटर वेळेवर उघडतं, वेळेवर मिटतं. लेन्सचा फोकस बरोबर बसतो. दवाखान्यात मी मशीन तपासते तसाच तपासला. आधी स्टँडवर लावून, रिठदला होता तेवढाच उजेड ठेवून, शटर अर्धा सेकंद ठेवून. फोटो स्वच्छ आला. भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या तिथीसुद्धा वाचता येतात. मग दुसऱ्या लेन्सनं केलं. तेच.

त्यानंतर मी रिठदचे फोटो मोठे करून पाहिले. साधारण हललेल्या फोटोत सगळं एका दिशेला ओढल्यासारखं दिसतं. यात तसं नाही. मावशींच्या उशाशी मेणबत्ती होती ना, तिची ज्योत प्रत्येक फोटोत एक बारीक नागमोडी रेघ झाली आहे. खाली, वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. प्रत्येक फोटोत तेवढ्याच लाटा आणि जवळजवळ तेवढ्याच उंचीच्या. दमलेला किंवा दुःखी माणूस असा हलत नाही. त्याचा हात कसाही हलतो. हा ठरावीक लयीत हलला आहे. आमच्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसांचे हात मी रोज पाहते. निदान करणं माझं काम नाही आणि मी ते करत नाही. मी एवढंच सांगू शकते की दोष कॅमेऱ्यात नाही.

हे कळल्यावर इतर गोष्टी दिसायला लागल्या. त्या आधीपासून समोरच होत्या. आईनं बाबांना कपबशीत चहा देणं बंद केलं आहे. आता स्टीलचा गिलास, तोही अर्धा. मी विचारलं तर म्हणाली, “भरून देला त थंडा होते, म्हणून अर्धा देतो.” आपल्या घरात चहा थंड होईपर्यंत कधी कोण थांबलं आहे? फोटोंच्या पाकिटांवर गिऱ्हाइकाची नावं बाबा अजून स्वतःच लिहितात, पण अक्षर बारीक होत गेलं आहे. पहिलं नाव नीट, आडनाव मुंगीएवढं. शर्टाची वरची गुंडी ते लावत नाहीत. उकडते म्हणतात.

तुला वाटेल की मग लग्नांचे फोटो बरे कसे येतात. लग्नात फ्लॅश असतो. फ्लॅशचा उजेड इतका थोडा वेळ पडतो की त्यात हाताचं हलणं उमटतच नाही. म्हणजे वर्षभर, कदाचित जास्तच, फ्लॅशनं ते झाकलं. जिथे त्यांनी माणसाचा मान ठेवून फ्लॅश लावला नाही, तिथे ते दिसलं.

आता तुझ्या नव्या कॅमेऱ्याविषयी लिहिते. तू चांगला निवडला आहेस, यात शंका नाही. पण त्यात हात हलला तरी सेन्सर उलट्या बाजूला सरकून फोटो स्थिर ठेवायची सोय आहे. तो आला तर बाबांचे फोटो उद्यापासून स्वच्छ येतील. ते म्हणतील, पाहा, कॅमेराच गेला होता. आपण म्हणू, हो. रिठदची गोष्ट मिटेल. आणि ते डॉक्टरकडे जाणार नाहीत, जोपर्यंत त्या कॅमेऱ्यालाही सावरता येणार नाही इतका हात हलत नाही तोपर्यंत. औषधाचा उपयोग होतो तो त्याच मधल्या वर्षांत.

मला हे सोपं वाटलं नव्हतं, हे तुला माहीत असावं. शटर गेलं, असं एक वाक्य बोललं की काम भागत होतं. बाबांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला असता. तूही नाराज झाला नसतास. दुकानासाठी ड्रोन घ्यायचा की नाही यावरून तुमचं भांडण झालं आणि तू पुण्याला गेलास, तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलता. त्यानं जेवण केलं का विचार, त्यांनी गोळी घेतली का विचार. इतक्या दिवसांत तू स्वतःहून त्यांच्यासाठी काही पाठवतो म्हणालास ते हे पहिलंच. मी सांगितलं तेव्हा बाबा खुर्चीवरून उठले, काउंटर पुसला आणि म्हणाले, “कोणता घेऊन राह्यला थो?” मी मॉडेल सांगितलं. ते म्हणाले, “मंग चांगला आहे.” पुन्हा काउंटर पुसला. हे मी तुला फोनवर सांगितलं नव्हतं. तुमच्यात जुळत आलेलं हे मोडायला सांगणं मला आवडत नाही, पण सांगते आहे. कॅमेरा पाठवू नकोस.

रोज दुकान बंद करताना ते मला विचारतात, “सापडला काय व फॉल्ट?” मी म्हणते, अजून तपासते. मी कधी कोणत्या मशीनला इतके दिवस लावले नाहीत, हे त्यांना ठाऊक आहे. परवा ते म्हणाले, “शनिवारी मले कॅमेरा वापस दे, नाही त काय झालं ते सांग. गोड करून नोको सांगू.” रविवारी विहारात स्नेहाचं लग्न आहे. तिनं बाबांनाच सांगून ठेवलं आहे, आणि वंदनेच्या वेळी मेणबत्त्यांच्या उजेडात फ्लॅश नको, असंही तिचं म्हणणं आहे. बाबांनी हो म्हटलं आहे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. संघदीपसाठी एखादा तरी बरा फोटो मिळतो का, म्हणून काल मी कॅमेऱ्याच्या कार्डावरचे पुसलेले फोटो परत मिळवले. त्यात रिठदचं काही निघालं नाही. रिठदच्या दुसऱ्या दिवशीचे काही फोटो निघाले. आपल्याच दुकानात, दाराचं शटर अर्धं ओढून काढलेले. काउंटरवर एक मेणबत्ती लावली आहे, दुसरं काही नाही. स्टँडवरून काढलेल्या फोटोत ज्योत सरळ आहे. नंतरच्यात तीच नागमोडी रेघ. मग पुन्हा स्टँड, पुन्हा सरळ. पुन्हा हात, पुन्हा रेघ. शेवटच्या फोटोत मेणबत्ती विझत आली आहे. हे सगळे त्यांनी पुसले आणि मगच कॅमेरा माझ्यासमोर ठेवून म्हणाले, पाह्य बरं काय झालं याले. दादा, त्यांना निकाल माहीत आहे. फक्त तो त्यांना एकट्यालाच माहीत आहे. मी सांगू शकते, शब्द माझ्याकडे आहेत. पण मी सांगितलं तर ते तपासणीच्या निकालासारखं होईल, आणि ते ऐकून घेतील, आणि दुकान उघडायला जातील. त्या वेळी तू शेजारी बसलेला हवास. काही बोलू नकोस, भांडण काढायचं तर तेही नंतर काढ. रविवारी विहारात हा जुनाच कॅमेरा तू धर, ते बाजूला उभे राहून तुला कुठून घ्यायचं ते सांगतील, तुझ्यावर ओरडतीलही. सोमवारी डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली आहे. रबर नवं लावलं आहे, झाकणही बसवलं आहे. सेन्सर पुसायचा राहिला आहे, तो आज पुसते. तू शनिवारी सकाळपर्यंत पोचतोस की नाही, ते मला शुक्रवारपर्यंत कळव.

तुझीच,
विशाखा