हारूनचाचांचा बँड बसून वाजवत नाही

३ फेब्रुवारी

सकाळी सकाळी मंजुनाथ सरांचा फोन. “राजनंदिनी, सगळं छान आहे. पण माती कमी पडतेय.”

माती! आठ मिनिटांचं संगीत पाठवलंय मी. शंभर व्हायोलिनं, बारा शिंगं, दोन हार्प. सगळी लॅपटॉपमधली, मान्य. एकालाही घाम येत नाही, एकही चहाला उठत नाही. पण माती कुठं घालू त्यात? चाळून घालू?

सर मूळचे सोलापूरचेच. पण बारा वर्षं पुण्यात राहून आता ‘अगदी’ आणि ‘किंबहुना’ म्हणायला लागलेत. सिनेमा त्यांचा. माझा पहिला अख्खा सिनेमा. शेवटी म्हातारा मेंढपाळ मरतो आणि त्याला गावातून नेतात — तिथं अडलंय. “जिवंत माणसांकडून वाजवून घे. वीस तारखेपर्यंत. नाहीतर मला मुंबईत कुणालातरी विचारावं लागेल.”

माझी आजवरची कारकीर्द म्हणजे तीन शॉर्ट फिल्म, चादरीच्या दुकानाची एक जाहिरात आणि दातांच्या दवाखान्याची ती धून — जी रिक्षावाले मला बघून मुद्दाम गुणगुणतात. हा सिनेमा गेला तर मी जन्मभर दातांचीच.

अण्णांना सांगितलं. अण्णा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात, रोज गाडीनं जाऊन-येऊन. बूट काढता काढता म्हणाले, “त्या शाळंत संगीत शिक्षकाची जागा निघालीय. फॉर्म भरून ठिवलाय तुझा.” माझा फॉर्म! सहीसुद्धा त्यांनीच केलीय. माझ्यापेक्षा बरी आहे.

४ फेब्रुवारी

आई माहेरी गेलीय, ज्वारीच्या काढणीला. मंगळवेढ्याच्या पलीकडं, पार कर्नाटकाच्या शिवेवर. महिनाभर तरी येत नाही. मी केलेल्या भाकरी अण्णांनी डब्यात नेल्या आणि तशाच परत आणल्या.

७ फेब्रुवारी

दुपारी लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलीय, त्यामुळं शंभर व्हायोलिनं एका झटक्यात गार. शेजारचे माग पण बंद. गल्लीत एवढी शांतता की मला आधी वाटलं कान गेले. मी जमिनीवर आडवी पडले — आणि चाल आली!

आली म्हणजे अख्खी आली. चार ओळी, डोक्यापासून शेपटापर्यंत. एक सूर इकडचा तिकडं करावा लागला नाही. एरवी एका ओळीसाठी मी आठ-आठ दिवस नखं खाते. कागद सापडेना म्हणून ह्याच पानावर स्वर लिहून ठेवलेत, तिरके.

प्रतिभा प्रतिभा म्हणतात ती हीच असणार! मंजुनाथ सरांना म्हणावं, माती पाहिजे तर तुमच्या दाढीत बघा. मुठीमुठीनं निघेल.

१० फेब्रुवारी

जिवंत माणसं कुठून आणू? सोलापुरात सोळा व्हायोलिनवाले नाहीत. पण सोळा बँडवाले आहेत! हारूनचाचांचा ब्रास बँड. दुकानावर पाटी ‘हारून अँड सन्स’. आहेत चार मुली. “पाटीवाल्यानं आधीच लिहून आणली,” म्हणाले.

मी सोळा जणांची स्वरलिपी वेगवेगळी छापून नेली. चाचांनी कौतुकानं बघितली आणि तीवर चहाचा ग्लास ठेवला. “वाचता कुणालाच येत न्हाय, बेटी. तू गाके दिखा.”

गायले. क्लॅरिनेटवाल्या इसूफनं एकदाच ऐकलं आणि जसंच्या तसं वाजवलं. जसंच्या तसं, वर स्वतःच्या तीन हरकती. मी म्हटलं, हरकती नकोत. इसूफ दुखावला. पुढचा अर्धा तास माझ्याशी चाचांमार्फत बोलत होता.

१२ फेब्रुवारी

तालीम. मांडववाल्याकडून सोळा खुर्च्या आणल्या, अर्धगोलात मांडल्या. माझी छाती भरून आली. माझा ऑर्केस्ट्रा!

वाजवायला लागले आणि जो तो आपापल्या गावाला निघाला. ट्रंपेट पुढं, क्लॅरिनेट मागं, ढोलवाला संगप्पा तर कधीच संपवून तंबाखू मळत बसलेला. चार वेळा केलं. चारही वेळा संगप्पा पहिला.

चाचा टोपी काढून म्हणाले, “बैठको कोन बजाता, बेटी? पाय हलंना तर हात कसा हलंल?”

तीस-चाळीस वर्षं वरातीत वाजवलेली माणसं ही. ताल ह्यांच्या पायात आहे. शेवटी उठवलं, दुकानाबाहेर काढलं, गल्लीत चालायला लावलं. अरे देवा! सोळा जणांचा एक श्वास. माझ्या अंगावर काटा आला. मी मागनं पळतेय, हसतेय, रडतेय.

तेवढ्यात चौक आला आणि सगळे थांबले. चौकात थांबायचं, हा त्यांचा रिवाज. पाहुण्यांना नाचायला मिळावं म्हणून. इसूफनं एकट्यानं सुरू केलं, तिन्ही हरकतींसकट. पानटपरीवरचे एक काका खरंच नाचायला लागले. मी ओरडले, “अहो चाचा, माणूस मेलाय!”

सगळं बंद. सोळा टोप्या खाली. संगप्पा हळूच म्हणाला, “कोन गेलं ओ?”

“सिनेमातला!”

१७ फेब्रुवारी

आज अमावस्या, म्हणजे लग्नं नाहीत. बँड मोकळा आणि मंगल कार्यालयही मोकळं. अण्णांनी रजा काढली. “वायरी उचलायला कोनतरी पायजे,” म्हणाले. शाळेचं नाव काढलं नाही. डब्यात स्वतःच्या हातच्या भाकरी होत्या.

मधोमध माइक, भोवती बँड चालणार. पहिल्या फेरीत हॉलच्या चारही कोपऱ्यांना थांबले. चौक! चार कोपरे, चार वेळा इसूफ. मग मी खडूनं गोल आखला. गोलाला कोपरा नसतो. इसूफनं खडूकडं असं बघितलं की जणू मी त्याचं रेशन कार्ड रद्द केलं.

पुढं मी. हातानं ताल देत, त्यांच्याकडं तोंड करून, उलटी चालत. परदेशातले ऑर्केस्ट्राचे संचालक चौथऱ्यावर उभे राहतात. मी दुसऱ्या फेरीत खुर्च्यांच्या ढिगात बसले.

आणि शेवट? शेवटच होईना! आठ मिनिटांचं एकवीस मिनिटं चाललं. हात हलवून हलवून माझा खांदा निखळायला आला. विचारलं, “थांबत का नाही?”

“नवरदेव कुटं आत गेला?” चाचा म्हणाले.

खरंच की. ह्यांचं वाजवणं नवरदेव मांडवात शिरला की संपतं, त्याच्याआधी नाही. आता अमावस्येला नवरदेव कुठून आणायचा? सोळा जणांनी एकदमच अण्णांकडं बघितलं.

अण्णांच्या डोक्याला टॉवेल बांधला. बँडच्या मागनं चालायचं आणि मी मान हलवली की वधूपक्षाच्या खोलीत शिरायचं. फाशीला नेल्यासारखे चालत होते बिचारे. मी मान हलवली, अण्णा आत, दार बंद — आणि सोळाच्या सोळा एका क्षणी गप्प! असा शेवट मला शंभर व्हायोलिनांनी कधी दिला नाही.

आतून आवाज आला, “यिऊ का भाईर?”

पाच वेळा घेतलं. पाच वेळा नवरदेव. तिसऱ्या वेळेपासून तर अण्णा जरा ऐटीतच चालायला लागले.

१८ फेब्रुवारी

पाठ. खांदा. पोटऱ्या. आई असती तर तेल लावून दिलं असतं.

२१ फेब्रुवारी

“माती!!” सर फोनवर ओरडलेच. “अगदी माती! मी रडलो, राजनंदिनी. किंबहुना दोनदा रडलो.”

सिनेमा माझा! संगीत — राजनंदिनी बिभीषण वाघमोडे. अख्ख्या पडद्यावर. अण्णांना म्हटलं, तो शाळेचा फॉर्म फाडा आता. त्यांनी घडी घालून कपाटात ठेवला. “असू दे. कागद काय खायाला मागत न्हाय.” पण दुपारी चौकातनं पेढे घेऊन आले आणि गल्लीत वाटले. का वाटतोय ते मात्र कुणाला सांगितलं नाही, लाजले.

८ मार्च

मेले.

सर आज मोहोळला, मावसबहिणीच्या लग्नाला. नवरी सासरी निघाली आणि बँडनं माझी चाल वाजवली. माझी! मेंढपाळाची अंत्ययात्रा, नवरीच्या पाठवणीला! सरांनी बँडमास्तरला गाठून विचारलं, कुणाची चाल? बँडमास्तर म्हणजे अर्थात हारूनचाचा. म्हणाले, “आमच्या वालिदच्या जमान्यापासनं वाजवतो जी.”

सरांचा आवाज इतका थंड मी कधी ऐकला नव्हता. “लोकांची जुनी चाल स्वतःची म्हणून खपवलीस. मी तुझं नाव काढतोय. नुसत्या त्या प्रसंगावरचं नाही, सगळ्या सिनेमावरचं.”

चोर म्हणाले मला.

पुरावा आहे! ह्याच वहीत, ७ फेब्रुवारी, तारीखवार, स्वरांसकट. धावत काढून बघितला. त्याच पानावर सरांची दाढी आहे. वही दाखवता येत नाही.

९ मार्च

चाचांच्या दुकानात जाऊन भांडले. सात लग्नांत वाजवलीय म्हणे आत्तापर्यंत!

“गलती झाली, बेटी. पर इतकी चांगली चीज पेटीत ठिवून काय करायची? हातात बसलीय. बाया लई रडत्यात.”

“आणि वालिदचा जमाना?”

“नवी हाय म्हणून सांगितलं तर गिऱ्हाईक म्हणतंय, नको, जुनी वाजवा. म्हणून आमच्यात नवं काय नसतंयच. सगळं वालिदच्याच जमान्याचं.”

रागानं माझे कान तापले होते. तरी निघताना विचारलंच, “किती बाया रडल्या?” मला लाज नाही, हे खरं.

११ मार्च

चाचांना घेऊन पुण्याला गेले. ते बँडच्या पोशाखात. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. “हाफिसात जाताना हाच घालतो, उठून खुर्ची देत्यात.” दिलीही!

चाचा बसले नाहीत. उभं राहून म्हणाले, “चाळीस वर्सात पैल्यांदा खरं बोलतोय, लिहून घ्या सायेब. चाल हिची हाय. हिनं गाऊन दाखिवली, आमी बसिवली. वालिदचं झूट हाय. वालिदची शिवणकामाची मशीन हुती.”

सर माझ्याकडं वळले. “तू सांग.”

घरून भाषण पाठ करून नेलं होतं. एक शब्द आठवला नाही. “आईशप्पथ, सर. ही चाल माझी आहे. कुणाची ऐकलेली नाही, कुठून घेतलेली नाही.” आणि ढसाढसा रडले. बारक्या पोरीसारखी, नाक वाहेपर्यंत.

सरांनी पाणी दिलं. मग एक कागद टाइप करून आणला — चाल सर्वस्वी माझी, मूळ, दुसऱ्या कुणाचाही तीवर हक्क नाही. सही केली. नाव परत आलं. मी स्वतः केलेली सही अण्णांच्यापेक्षा वाईटच आली, पण केली.

परतीच्या गाडीत चाचांनी दौंडला चार वडापाव खाल्ले. “खरं बोललं की भूक लई लागती,” म्हणाले.

१५ मार्च

आई आली, ज्वारीचं पोतं घेऊन. सूप घेऊन निवडायला बसली. म्हटलं, ऐक तरी, तुझ्या लेकीनं काय केलंय. लॅपटॉपवर लावलं.

बँडची पहिली ओळ झाली. दुसरी आईनं म्हटली. इसूफच्या आधी, कानडीत. मग तिसरी, मग चौथी. सुपातला हात थांबला नाही.

“तुला कुटनं मिळाली ही? अव्वाची हाय की. तुझ्या आजीची. तुला मांडीवर घिऊन रोज हीच म्हणायची, झोप येईस्तवर. तू दोन वर्साची हुतीस, ती गेली. मंग मी न्हाय म्हटली कदी.”

“तिनं कुठून घेतली होती?”

“कुटनं घ्यायची? तीच जुळवायची. दळताना, भांगलताना. सारखं चालूच असायचं तिचं.”

पुण्याला फोन लावला. “सर, मी खोटं बोलले. मला माहीत नव्हतं. चाल माझी नाही, माझ्या आजीची, बसम्माची आहे. पडद्यावर तिचं नाव घाला.”

सर म्हणाले, “अजून काय काय केलंय त्यांनी?”

आईला विचारलं.

“लई हुती,” आई म्हणाली. “मला एवढीच येती.”