रवाना झालेलं शिलाई मशीन

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो कागदावरच घातला असं समज). भावोजींचा गुडघा कसा आहे? आईची तब्येत विचारत नाही, कारण माझ्यावर चिडलेली असली की ती ठणठणीत असते.

आईच्या शिलाई मशीनबद्दल तुझं तिसरं पत्र मिळालं. भाऊ मालवाहतुकीच्या कचेरीत वीस वर्षं बुकिंग क्लार्क आणि सख्ख्या आईचं मशीन महिनाभर पोचत नाही, हा टोमणा लागला. पण तू 'रवाना' या शब्दाचा अर्थ फार घरगुती घेतेस. आमच्याकडे पावतीवर शिक्का बसला की माल रवाना. मग तो गोदामाच्या दारातून मागच्या भिंतीपाशी का गेला असेना. ट्रकमध्ये चढून तिथेच चार दिवस बसला (ट्रक गच्च भरल्याशिवाय मालक चाक हलू देत नाहीत) तरी रवानाच. आणि माल कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसलं, तर तो 'कधीचाच रवाना'. हे सांगताना आवाज जरा चढवायचा, म्हणजे गिऱ्हाईकच ओशाळतं.

मशीनचं म्हणशील तर पहिल्या खेपेला त्याच्यावर दवाखान्याच्या लोखंडी खाटा चढायला लागल्या, म्हणून मुकादमाने ते उतरवलं. दुसऱ्या खेपेला ते भलत्याच गावी एका न्हाव्याच्या दुकानात उतरलं आणि त्याची फिरती खुर्ची आमच्याकडे राहिली. त्याने जे पत्र लिहिलं ते तुला वाचून दाखवण्याजोगं नाही. खुर्चीत मात्र आम्ही सगळे आळीपाळीने बसलो.

खरं सांगू? आईने चष्मा मागवला असता तर मी त्याच दिवशी धाडला असता. मशीन मागवलं म्हणजे तुझ्याकडे कायमचा मुक्काम. खडखडीने डोकं उठतं, एवढंच मी बोललो होतो. आता घर इतकं शांत आहे की मला आणि बायकोला एकमेकांचं घास चावणंसुद्धा ऐकू येतं. आई नाही तर करमत नाही गं.

तुझा धाकटा

ता. क. : न्हाव्याची हकीकत खरी आहे, पण मशीन दुसऱ्या कुणाचं होतं. आईचं मशीन खिडकीपाशी जागच्या जागी आहे. तुला धाडलेल्या पावतीवर मी कचेरीतला शिक्का घरी आणून मारला.

आणखी एक : तिला खूश करायला परवा स्वतः उशीचा अभ्रा शिवायला बसलो. चारही बाजू शिवून झाल्यावर लक्षात आलं की उशी बाहेरच राहिली. हे तिला जरूर सांग.

शेवटचं : शनिवारी सकाळच्या बसने आईला न्यायला येतो. तिची बॅग गुपचूप भरून ठेव. मला बघून ती आधी 'नाही'च म्हणेल, आणि बॅग भरण्यात वेळ गेला की तिचं 'नाही' पक्कं होतं.