तिसऱ्या आग्रहाचा नियम

५ नोव्हेंबर, शनिवार
साप्ताहिकात माझा विनोदी कॉलम आला. खालच्या कहवाखान्यात चौघंजण तो मोठ्यानं वाचून खिदळत होते. वाईट वाटलं. इतकी वर्षं मी अलेक्झांड्रियाला हसवतोय आणि आत एक चित्रकार गुदमरतोय, याची कोणाला खबर नाही. सुहैरला सांगितलं. बायको असूनही हसली.
संकल्प : रोज एक चित्र.

७ नोव्हेंबर, सोमवार, दुपार
पहिलं चित्र पूर्ण. 'वादळातला समुद्र'. सुहैर म्हणाली, "गोधडी मस्त जमलीये."
विचार : कलेचा पहिला शत्रू आपल्याच ताटात जेवतो.
हे मी रागानं तर लिहीत नाही ना? मन तपासलं. नाही.
(रोज एक हा संकल्प अघोरी होता. आठवड्याला एक.)

८ नोव्हेंबर, मंगळवार
एक गोष्ट छळतेय. कोणी चित्राची तारीफ केली, तर ती खरी कशावरून? विनोदाचं बरं असतं, हसू खोटं असलं की लगेच कळतं. चित्रासमोर मात्र कोणीही मान तिरकी करून उभं राहिलं की रसिक ठरतं.
उपाय सुचला. आपल्याकडे कोणी घड्याळाची तारीफ केली की आपण घड्याळ काढून पुढे करतो, "घ्या, तुमचंच आहे." तो म्हणतो, "तुमच्याच हातात शोभतं." दुसऱ्या आग्रहालाही तो नाहीच म्हणतो. पण तिसऱ्यांदा आग्रह झाला आणि वस्तू खरंच हवी असेल, तर तो ती घेतो. मग चित्राची कसोटीही हीच.

१० नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळ
शेजारचे हाज मितवल्ली चहाला आले. चित्र पाहून म्हणाले, "अल्ला, अल्ला! उस्ताद वजदी, डोळे दिपले माझे!"
मी चित्र भिंतीवरून काढलं. "घ्या, तुमचंच आहे."
"तुमच्याच भिंतीला शोभतं."
दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणताना चित्र त्यांच्या काखेत दिलं, तर त्यांनी आईची शपथ घेतली आणि चहा अर्धा टाकून जिना उतरले.
विचार : नकार जितका जोराचा, तितका आदर मोठा.

११ नोव्हेंबर, शुक्रवार
नमाजानंतर मेहुणा नशअत जेवायला. दातांचा डॉक्टर आहे. चांगलं आहे म्हणाला. मी लगेच, "मग दवाखान्यात लाव ना!" तो म्हणाला, "भावोजी, माझ्याकडे येणारी माणसं आधीच घाबरलेली असतात."
म्हणजे चित्राचा परिणाम होतो, हे डॉक्टरनंही मान्य केलं.
सुहैर चिडली. "येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गळ्यात ते चित्र मारू नकोस. मितवल्ली काकू दारातूनच बोलल्या आज. आत येईनात."
प्रसिद्धीमुळे माणसं बुजतात. याला इलाज नाही.

१२ नोव्हेंबर, शनिवार
कॉलम आला, पण पुन्हा कापलेला. गेल्या महिन्यात अर्धं पान होतं, आज जाहिरातीखाली एक पट्टी. संपादक बहगत बे यांना माझी किंमत कळेनाशी झालीये. जाणवून द्यावी लागेल.
बेत : उद्या जाऊन राजीनामा पुढे करायचा. रीतीप्रमाणे ते म्हणणार, "छे, तुमच्याशिवाय साप्ताहिक कसलं!" मी पुन्हा देणार. ते पुन्हा नाकारणार. तिसऱ्यांदा ते गहिवरले की मी विरघळायचं आणि अट घालायची : पूर्ण पान, माझ्याच चित्रांसह.
सुहैरनं विचारलं, "आणि तो हो म्हणाला तर?"
तिला समजावलं की पहिल्या खेपेला कोणी काही घेत नसतं. मनुष्यस्वभाव हा माझा धंदा आहे.
ती म्हणाली, "वजदी, तुझं नाव लोकांना त्या कॉलममुळे माहीत आहे. समुद्रामुळे नाही."
ही लबाडी तर नाही ना? तपासलं. रीत ती रीत. दोघांनाही ठाऊक असलेलं खोटं हे खोटं नसतं.

१३ नोव्हेंबर, रविवार, दुपार
गेलो. म्हणालो, "बहगत बे, राजीनामा आणलाय."
ते उठले. टेबलाला वळसा घालून आले, दोन्ही गालांचे मुके घेतले. "अल्ला तुमचं भलं करो, उस्ताद वजदी! कसं सांगू, कसं सांगू म्हणून महिनाभर झोप नव्हती मला. किती मोठ्या मनाचे तुम्ही!"
कॉफी मागवली. साखर विचारली.
मी म्हणालो, "तुमची अडचण होणार असेल, तर मी थांबतो की."
"छे छे! कलावंताला मी अडवू?"
"वाचक काय म्हणतील?"
"वाचकांचं मी बघतो."
"थोडे दिवस तरी..."
"अजिबात नाही. देवाशपथ नाही. तुमच्यावर अन्याय होईल." आणि मला लिफ्टपर्यंत पोचवायला आले.
तीन वेळा मी थांबायला तयार झालो, तिन्ही वेळा त्यांनी नकार दिला. हाही आदरच, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं.

१४ नोव्हेंबर, सोमवार
सुहैरला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ पाहतोय.

१६ नोव्हेंबर, बुधवार
तिला मितवल्ली काकूंकडून कळलं. तरी मुलुखियाची पातळ भाजी केली, माझ्या आवडीची. हे फार वाईट लक्षण.

१९ नोव्हेंबर, शनिवार
साप्ताहिक आलं. माझ्या जागी कोणी नवी मुलगी लिहिते. चूक काढायची म्हणून वाचायला बसलो. दोनदा हसलो. कहवाखान्यात गेलो नाही, हसण्याचा आवाज वरपर्यंत येत होता.
रात्री जेवताना सुहैरनं विचारलं, "आता काय करणार?"
"चित्रं काढणार," म्हणालो.
ती हसली नाही.