उजवं बुश

मलकापूर, ५ डिसेंबर १९३८, सोमवार
वकीलसाहेबांनी लाल गाडी आणून दारात लावली. ठेंगणी, दोन सीटांची, उघडी. गावात हिच्याइतकी पळणारी दुसरी नाही, आणि हिच्याइतकी रुसणारीही. क्लच सोडला की मागून खट्ट, गियर बदलला की पुन्हा खट्ट. दोन वर्षं तशीच पिटाळली. आता १८ तारखेला नागपूरला जायचंय म्हणून माझी आठवण. "मिस्त्री, कादर गेल्यापासून तुमचं दुकान अगदी सुनं वाटतं," म्हणाले आणि छत्री हलवत गेले. मला जसं काही ठाऊकच नव्हतं.

सवयीने चहा दोन कप टाकला. दुसराही मीच प्यालो.

६ डिसें., मंगळ.
गाडी वर घेतली. आधी वाटलं मधल्या शाफ्टचा सांधा ढिला असेल. दोन्ही हातांनी पिळून पाहिला, घट्ट. मग एक चाक ठोकळ्याने अडवलं, गाडी गियरमध्ये टाकली, दुसरं चाक हलवलं. चांगलं वीतभर मोकळं फिरलं. म्हणजे दुखणं मागच्या चाकांमधल्या गियरपेटीत, डिफरन्शियलमध्येच. खालचा बोल्ट काढून तेल परातीत घेतलं. काळ्या तेलात सोन्यासारखी चकचक. गनमेटलचा भुगा, पितळेसारखा पिवळा. कुठलं तरी बुश, गियर ज्यात फिरतो ती नळी, झिजून झिजून तेलात उतरलंय.

आत दोनच बुशं. दोन्ही कादरच्या हातची, तीन वर्षांपूर्वीची. बसवली मी.

म्हणजे मी तेव्हा बोललो ते खरंच होतं तर. खरं निघाल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

८ डिसें., गुरु.
बाहेर जिनिंग कारखान्याकडे कापसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या घंटा. दुकानात मी एकटा. कोणाशी बोलावं म्हणून पान्याशी बोललो. पाना कादरपेक्षा बरा, उलट बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी हीच गाडी, हीच खटखट, इथेच वकीलसाहेब उभे. मी गाडी न खोलताच म्हणालो, "कादरने कच्चं गनमेटल वापरलं असणार." कादर लेथवर होता. हात पुसत आला. "खोलून पाह्य ना सोनाजी. न पाह्यता काऊन बोलतं?" मी म्हणालो, मला पाहायची गरज नाही. वकीलसाहेबांनी गाडी तशीच नेली. चौथ्या दिवशी कादरने लेथ बैलगाडीत चढवली आणि जानेफळला गेला. तिथे पिठाच्या गिरणीचं इंजिन चालवतो म्हणे. जाताना एवढंच, "मी काई पळून जाऊन नाही राह्यलो. खोलशीन तवा सांगजो."

अकरा वर्षांची भागी. आणि मी गाडीच्या मागे लपून बसलो होतो, तो जाईपर्यंत.

९ डिसें., शुक्र.
खोललं.

डावं बुश नव्यासारखं, आरशासारखं गुळगुळीत. उजवं झिजून लंबगोल. दोन्ही एकाच कांडीतून कातलेली, मला आठवतं. मग एक टिकलं आणि एक गेलं कसं?

कादरची रीत अशी: बुशला तेलाचं भोक पाडलं की कडेवर बरोबर त्याच्या डोक्यावर पंचने तीन टिंबं मारायची. बसवणाऱ्याने टिंबं, बुश ज्यात बसतं त्या लोखंडी घराच्या भोकासमोर आणायची, की तेल आत जातं. अंधारात बोटाने चाचपून बसवता यावं म्हणून. आंधळ्यालाही चुकणार नाही, म्हणायचा.

उजव्या बुशची टिंबं उलट्या बाजूला आहेत. मीच तसं ठोकलंय. तीन वर्षं त्याला तेलाचा थेंब मिळाला नाही. तरी इतके दिवस टिकलं. कच्चं गनमेटल म्हणे!

जेवलो नाही. भाकरी कुत्र्याला घातली. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

१० डिसें., शनि.
कादरला पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. शेवटी लिहिलं, "नमुन्याप्रमाणे एक बुश पाहिजे. सोबत गियर पाठवला आहे, त्याच्या मापाने. — सोनाजी." बस. टिंबांचं लिहिलं नाही. झिजलेलं बुश, गियर, चिठ्ठी, सगळं गोणपाटात शिवून मेहकरच्या मोटारीवरच्या गणपत ड्रायव्हरला दिलं.

भित्रा तो भित्राच.

१३ डिसें., मंगळ.
गणपत येऊन गेला. अजून बुश नाही. विचारलं, काही बोलला का? "काई नाई. बुश उजेडात धरलं, लय वेळ फिरवून पाह्यलं. टिंबाईवर बोट ठेवलं. मंग म्हने, परवा ने."

म्हणजे कळलं त्याला. न कळायला तो काय सोनाजी आहे?

१५ डिसें., गुरु.
बुश आलं. चिठ्ठी नाही. पिशवी झटकून पाहिली, उलटी केली, शिवण उसवली.

काम तेच, तोच हात. गियरवर चढवलं तर लोण्यासारखं फिरलं. पण तेलाचं भोक नाही. आणि टिंबं नाहीत. कादरने टिंबांशिवाय काम दिलेलं अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं, साधी विहिरीची चाकी असली तरी मारायचा.

अर्थ सरळ आहे. तू बसव, मग भोक तूच पाड, म्हणजे दोष कोणावर टाकायचा प्रश्नच नाही. तू आणि तुझं काम. हे मला शिवी दिल्यापेक्षा जास्त लागलं.

दुपारी बसवलं. घराच्या भोकातून ड्रिल घालून आरपार पाडलं. चुकायला जागाच नव्हती. मग पंच हातात घेतला, बुशच्या कडेवर ठेवला. हातोडी उचलली आणि खाली ठेवली. ती टिंबं माझी नाहीत.

१६ डिसें., शुक्र.
वकीलसाहेबांकडे गेलो. उभ्याउभ्याच सांगितलं, कादरची चूक नव्हती, माझी होती, तुमच्यासमोर खोटं बोललो. ते दाढी करत होते. "बरं बरं. गाडी रविवारी मिळेल ना?" दोन वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं, आणि त्यांना ते आठवतसुद्धा नव्हतं. म्हणालो, सोमवार धरा. आरशातून पाहिलं माझ्याकडे. चिडले. चिडू देत.

डिफरन्शियलचं घर बुशांसकट पोत्यात बांधलं. सोबत पंच. गाडी ठोकळ्यांवर, मागून रिकामी.

जानेफळ, १७ डिसें., शनि.
गणपतने वेशीपाशी उतरवलं. पोतं खांद्यावर घेऊन विचारत विचारत आलो. गिरणीसमोरच्या लिंबाखाली बसून लिहितोय. आत इंजिन चालू आहे, एका चालीत, कुठे अडखळत नाही. त्याचंच. बायका दळण घेऊन येतात, माझ्याकडे पाहतात. एकीने विचारलं, "काय दळाले आनलं, बाप्पा?" म्हणालो, काही नाही, लोखंड. ती हसली.

काय बोलायचं ते मोटारीत पाठ केलं होतं. घाट चढेपर्यंत विसरलो. एवढंच म्हणेन, खोलून पाहिलं. पुढे तो जे म्हणेल ते. त्याने पंच घेऊन टिंबं मारली नाहीत तर पोतं उचलून परत जायचं, गाडी टिंबांशिवाय चालेलच. चालेल, पण

इंजिन थांबलं. कोणी तरी दारात येऊन पीठ झटकतंय. कादर. केस पांढरे झाले, आणि चष्मा लागलाय त्याला. इकडेच बघतोय. अजून ओळखलं नाहीसं दिसतं.